ऑर्फाबाईंनी पाहिलेला सामना

१४ नोव्हेंबर १९२५ रोजी शनिवार होता. एवढे कोणतेही जुने कॅलेंडर सांगेल. त्यासाठी कुणाच्या आठवणीवर विसंबण्याची गरज नाही. त्या दुपारी डनिंग कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ नदीपलीकडच्या हार्टसेल कॉलेजच्या मैदानावर सात विरुद्ध सहा असा जिंकला, हे दोन्ही गावांच्या वृत्तपत्रांनी छापले आहे. या दोन वृत्तपत्रांचे एरवी कशावरच एकमत होत नसे, म्हणून ते मी मानते. यापुढचे सगळे दोन वृद्ध भावंडांनी सांगितलेले आहे, आणि त्या दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते.

२००५ साली डनिंग आणि हार्टसेल यांचा शंभरावा सामना व्हायचा होता. डनिंगच्या ग्रंथालयातील दप्तरखान्यात मी नुकतीच रुजू झाले होते, आणि गावातल्या वयस्कर माणसांच्या सामन्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम माझ्याकडे आले. लोक भरभरून सांगत. कोणत्या वर्षी पोरांनी हार्टसेलचे लाकडी गोलखांब उपटून आणले आणि त्यांचे तुकडे आजही कोणाच्या गोठ्यात आहेत, याची परस्परांना छेद देणारी कितीतरी वर्णने मी ऐकली. सांगणारा खोटे बोलत नसे. पण त्याने ते पाहिले होते की लहानपणापासून ऐकले होते, हे त्याचे त्यालाही सांगता येत नसे. ऐकलेली गोष्ट पुरेशा वर्षांनी पाहिलेली होते, एवढे त्या कामात मी शिकले.

मिसेस ऑर्फा स्ट्रायकर तेव्हा सत्याऐंशी वर्षांच्या होत्या. उमेदीची वर्षे त्यांनी गावातल्या कापडाच्या दुकानात काढली. डनिंगमधल्या एका अख्ख्या पिढीचे लग्नाचे कपडे त्यांनी कापलेल्या कापडाचे होते. नवरा ग्लेन दुधाची गाडी चालवीत असे. तो जाऊन बराच काळ लोटला होता, आणि दोन्ही मुली दूर ॲरिझोनात होत्या. थोरले भाऊ मेरिल लिंडमूथ पलीकडच्या गल्लीत एकटेच राहत. ते रोज दुपारी बहिणीकडे जेवायला येत आणि रोज जेवणाला नावे ठेवीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाटाण्याचे सूप चमच्याने ढवळत होते, त्यात काही सापडेल या आशेने.

"यंत्र चालू झालं का तुझं?" ऑर्फाबाईंनी विचारले.

"झालं, मिसेस स्ट्रायकर."

"मग ऐक. मी माझ्या पापांबरोबर हार्टसेलला मॅच बघायला गेले होते. सात वर्षांची होते. आपण जिंकलो."

"ही नव्हती गेली," मेरिल सुपातून मान न काढता म्हणाले. "मी गेलो होतो."

"तू पण होतास. मी कुठं नाही म्हणते?"

"मी होतो, पापा होते, तेही कामासाठी, मॅच बघायला नव्हे, आणि तू घरी होतीस. नाक गळत होतं तुझं."

"याचं नव्वदीत डोकं गेलंय, पोरी. याच्याकडे लक्ष देऊ नकोस."

"एक्याण्णव," मेरिल म्हणाले. "आणि डोकं अकराव्या वर्षी होतं तेवढंच आहे."

"तेच तर म्हणतेय मी."

त्यांचे वडील एमिल लिंडमूथ डनिंगच्या रेल्वे स्थानकावर तारमास्तर होते. त्या सामन्यानंतरच्या फेब्रुवारीत न्यूमोनियाने ते गेले. तारमास्तरांच्या पाळ्या अशा असत की मुले जागी असताना बाप घरी आणि जागा, असे क्वचितच होई. ऑर्फाबाईंजवळ त्यांचा एक फोटो होता, तो त्यांनी मला दाखवला नाही.

"फोटो मला आठवतो," त्या म्हणाल्या, "पण चेहरा म्हणशील तर आठवत नाही. जे आठवतं ते फोटोतलंच. तो एक दिवस तेवढा माझा आहे. म्हणून तुला विचारते. तू कागद बघतेस, पुरावे बघतेस. मी गेले होते की नाही, एवढं शोधून सांग मला. हा माणूस ऐंशी वर्षं मला खोटं पाडतोय."

"शोध बाई," मेरिल म्हणाले. "एकदा लागू दे निकाल. निदान सूप तरी शांतपणे पिता येईल."

मी म्हणाले की असे प्रश्न बहुधा सुटत नाहीत. ऑर्फाबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने दुकानात कापडाचा रंग जाईल का असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या पाहत असणार.

मग त्यांनी आठवण सांगितली. सकाळी सगळे स्थानकावर गेले. कॉलेजची खास गाडी उभी होती, डब्यांना निळ्या पताका होत्या आणि वाद्यवृंदातली पोरे खिडक्यांतून पितळी शिंगे बाहेर काढून वाजवत होती. पुढे सामना. खच्चून गर्दी, नुसते कोटच कोट. कोणीतरी त्यांना बाकावर उभे केले. हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची कागदी पिशवी होती. मोठा ढोल वाजे आणि तो पोटात जाणवे. आपला संघ पुढे सरकला की माणसे टोप्या वर फेकत. एकाची टोपी दोरात अडकली आणि शेवटपर्यंत तिथेच लटकत राहिली, त्याचे त्यांना फार हसू आले. आणि चेंडू. चेंडू त्यांनी पहिल्यापासून अखेरपर्यंत पाहिला, क्षणभरही नजरेआड होऊ दिला नाही.

"आणि पापा?" मी विचारले.

"पापा होते ना. पूर्ण वेळ. शेवटी हार्टसेलवाले अगदी आपल्या गोलरेषेपाशी आले. एवढंसं राहिलं होतं. तेव्हा सगळं थांबलं. सगळी माणसं गप्प. माझ्या तोंडातला शेंगदाणा चावायचं मी विसरले. आणि मग चेंडू मागे गेला. आपल्या गोलरेषेकडे नाही, मागे त्यांच्या बाजूला. आणि लोकांनी जो काही आरडाओरडा केला."

"पुन्हा गेलात कधी हार्टसेलला?"

"नाही. डनिंगच्या मैदानावर दर वेळी जाते. ग्लेन विचारायचा, चल की, नदी ओलांडली की आलं. नाही गेले. एकदा पाहिलं होतं ते मैदान. त्यावर दुसरं काही पडायला नको होतं मला."

घरी येऊन मी ती फीत पुन्हा ऐकली. संशय घेणे हे माझे काम आहे, आणि इथे संशयाला जागा होती. ओहायोतल्या नोव्हेंबरात उघड्या मैदानावर दुपारभर बसलेले मूल थंडीचा एकही शब्द काढत नाही. हार्टसेलच्या वृत्तपत्राप्रमाणे त्या दिवशी वारा इतका बोचरा होता की लोकांनी अंगावर घोड्यांच्या झुली घेतल्या होत्या. गाडी स्थानकात उभी असल्याचे त्यांना नीट आठवत होते. गाडीच्या आत बसल्याचे, पूल ओलांडल्याचे काहीच नाही. आणि चेंडू. चेंडू हातात घेऊन पळायचा हा फुटबॉल पाहायला गेलेल्या मोठ्या माणसालाही निम्मा वेळ चेंडू दिसत नाही. तो कुणाच्या तरी पोटाशी असतो आणि त्या पोटावर दहा जण पडलेले असतात. सात वर्षांच्या मुलीने तो क्षणभरही नजरेआड होऊ दिला नाही, यावर माझा विश्वास बसेना.

पुढच्या बुधवारी मी मुद्दाम साधे प्रश्न विचारले.

"गवत कसं होतं, मिसेस स्ट्रायकर?"

"गवत?" त्यांनी विचार केला. "पांढरं."

"बर्फ पडलं होतं?"

"नाही. दुधासारखं पांढरं. आणि आडव्या काळ्या रेघा."

"आणि चेंडू कसा होता?"

"चेंडू पिवळा होता. पेटायचा. पुढे गेला की विझायचा आणि पुन्हा पेटायचा." आपण काय बोललो हे त्यांनीही ऐकले असावे. मग जरा रागाने म्हणाल्या, "सात वर्षांची होते मी."

मेरिल पाव मोडत बसले.

कॉलेजची जुनी व्यायामशाळा आता गोदाम आहे. तिच्या माळ्यावर भिंतीला टेकवलेली एक प्रचंड चौकट मी रुजू झाल्यावर पाहिली होती. कोणी म्हणे तो नाटकाचा पडदा, कोणी म्हणे जुना धावफलक. त्या संध्याकाळी मी दिवा घेऊन वर गेले. चौकटीत दुधी काच होती, एका कोपऱ्यात तडकलेली. काचेवर आडव्या काळ्या रेघा रंगवल्या होत्या, दोन्ही टोकांना गोलखांबांची चित्रे. मागच्या बाजूला रूळ होते, आणि रुळांवर इकडून तिकडे सरकणारा एक छोटा दिवा, मुठीएवढा.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना सांगायला हवे. रेडिओ घरोघरी येण्याआधी संघ परगावी खेळायला गेला की गावात राहिलेली माणसे व्यायामशाळेत जमत. मैदानाच्या कडेला बसलेला तारमास्तर प्रत्येक चाल तारेने कळवी. इकडे दुसरा तारमास्तर ती वाचून दाखवी, आणि काचेमागचा माणूस दिवा सरकवी. चेंडू जिथे असेल तिथे दिवा. लोक त्या दिव्याला ओरडत, शिव्या देत, त्याच्यासाठी ढोल वाजवीत, टोप्या फेकत. त्या नोव्हेंबरात डनिंगला असा खेळ दाखवला जाणार, हे स्थानिक वृत्तपत्राने आधीच जाहीर केले होते. व्यायामशाळेच्या छताला चढण्याचे दोर आजही लोंबतात.

एक प्रश्न सुटला होता. त्यामुळे दुसरा, पापा तेव्हा त्यांच्याजवळ होते का हा, अधिक अवघड झाला. मेरिलनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की पापा हार्टसेलला कामासाठी गेले होते, मॅच बघायला नव्हे. ते कोणते काम, हे मी तेव्हा विचारले नव्हते. तारमास्तर सामन्याच्या दिवशी मैदानावर कोणत्या कामाला जाईल, हे आता मला विचारावे लागणार नव्हते.

ऑर्फाबाईंना हे सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण त्यांनी खरे सांगायला सांगितले होते, आणि खरे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. मी त्या दुधी काचेचा एक फोटो घेऊन गेले आणि टेबलावर ठेवला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. खाली वाकून पाहिला. बराच वेळ.

"हेच," त्या म्हणाल्या.

"ही आपली जुनी व्यायामशाळा आहे, मिसेस स्ट्रायकर. तुम्ही डनिंगमध्येच होतात. तुम्ही पाहिलात तो हा फलक. टोपी अडकली ते चढायचे दोर होते."

"आणि पापा?"

"पापा हार्टसेलला होते. मैदानावरून तार करत होते. तुमचे भाऊ त्यांच्याबरोबर होते."

मी जेवढे सिद्ध होते तेवढेच बोलले. ऑर्फाबाई उठल्या, ओट्यापाशी गेल्या आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या.

"म्हणजे मी गेलेच नव्हते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पापा याच्याबरोबर होते."

ऐंशी वर्षांचे भांडण मेरिल जिंकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर तसे काही दिसले नाही.

"काय फरक पडतो, ऑर्फा," ते म्हणाले. "म्हातारी झालीस तू आता."

"तुला नाही पडणार फरक. तू गेला होतास."

"गेलो होतो. काय पाहिलं ते विचार की."

"काय पाहिलंस?"

"पाठ पाहिली." मेरिलनी चमचा खाली ठेवला. "टेबल होतं मैदानाच्या कडेला. पापा टेबलाशी, मैदानाकडे तोंड करून. मी मागे. वाऱ्याच्या बाजूनं एक फळी धरून उभा राहा म्हणाले, कागद उडतात. मग उभा राहिलो. पुढे पापांची पाठ, पुढे माणसांच्या पाठी. एक चाल दिसली नाही मला. पाय आहेत की नाहीत ते कळेना. आणि पापा एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी. कसे बोलणार? डोळे तिकडे, बोटं इकडे. नुसतं टक टक टक. घरी आल्यावर आख्ख्या शाळेला मी मॅच सांगितली, ती पेपरात वाचून सांगितली."

"हे तू कधी नाही बोललास."

"तू कधी विचारलंस? तू म्हणायचीस मी पण होते, मी पण होते. मग मला राग यायचा. मी एवढा गारठून आलो आणि ही म्हणते शेंगदाणे खाल्ले."

ऑर्फाबाई वळल्या. फडके हातात तसेच होते.

"चांगले होते शेंगदाणे," त्या म्हणाल्या.

"असणारच. व्यायामशाळेत शेगडी होती."

मला वाटले विषय इथे संपेल. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला. मेरिलनी तो हाताने थांबवला.

"एकदाच पापांनी माझ्याकडे बघितलं," ते म्हणाले. "शेवटी. हार्टसेलवाले आपल्या गोलरेषेवर आले होते. सगळे एकमेकांवर पडले. पंच एकेकाला ओढून काढत होता. मग त्यानं हात केला आणि सगळे उड्या मारायला लागले, आणि मला कळेना आपले की त्यांचे. पापांना कळलं होतं. त्यांना दिसत होतं. पण टक टक बंद. मी म्हटलं, पापा, काय झालं? तर त्यांनी हात पुढे केला. बोटं वळत नव्हती. अशी, लाकडासारखी. चेहरा कसा झाला होता म्हणून सांगू. लहान मुलासारखा. मग मी फळी टाकली, कोट उघडला, सदरा वर केला आणि त्यांचा हात पोटाला लावला. बर्फ होता नुसता. कागद सगळे उडाले. तसेच थांबलो आम्ही. मग म्हणाले, झालं. आणि हात काढून घेतला."

सूप गार झाले होते.

"दिवा थांबला होता," ऑर्फाबाई म्हणाल्या.

"काय?"

"गोलरेषेपाशी दिवा थांबला होता. म्हटलं नाही का मी? सगळी माणसं गप्प झाली होती. कुणी श्वास घेत नव्हतं, मेरिल. ढोलवाल्यानं काठी वर धरली होती ती वरच."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले, आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिले, कारण पुरावे पाहणारी मी होते.

मी त्यांना हे सांगितलेच पाहिजे होते, आणि सांगितले. दिवा थांबण्याची कारणे अनेक असू शकतात. पंच माणसांचा ढीग उपसत होता, त्यालाच वेळ लागला असेल. तार मध्येच तुटली असेल. डनिंगच्या तारमास्तराला संदेश नीट लागला नसेल. सामन्यात दिवा पुष्कळदा थांबत असणार. नेमका हाच थांबा ऐंशी वर्षे लक्षात राहिला, तो शेवटचा होता म्हणून. दोन आठवणी एकमेकींना चपखल बसतात एवढ्याने त्या एकाच क्षणाच्या ठरत नाहीत.

"झालं तुझं?" ऑर्फाबाईंनी विचारले.

"झालं."

"बरं. मग मला सांग, दिवा कोण हलवत होतं?"

"काचेमागचा माणूस."

"आणि त्याला कोण सांगत होतं?"

"इथला तारमास्तर."

"आणि त्याला?"

"तुमचे पापा," मी म्हणाले.

त्या खुर्चीवर बसल्या. "म्हणजे मी पापांनाच बघत होते. पूर्ण वेळ." आवाजात विजय नव्हता, एखादे माप दोनदा घेऊन जुळले की माणूस जसा बोलतो तशा त्या बोलल्या. मग म्हणाल्या, "मला आठवतंय. कुणीतरी कानाशी येऊन म्हणालं, ते बघ, ते पापा. दिव्याकडे बोट करून. म्हणून मी त्याच्यावरची नजर काढली नाही."

हे त्यांनी आधी दोन्ही वेळा सांगितले नव्हते. खरे असेल. मी दिलेल्या फोटोने आणि मेरिलच्या बोलण्याने ते नव्याने तयार झाले असणेही शक्य आहे. त्या दिवशी मी दोन्ही शक्यता टिपून ठेवल्या आणि आजही दोन्ही तशाच ठेवते.

"आता काय लिहिशील?" त्यांनी विचारले.

"तुम्ही सांगा. मी खोटं नाही लिहू शकत."

"खोटं कोण लिही म्हणतंय? लिही, ऑर्फा लिंडमूथ त्या दिवशी व्यायामशाळेत होती. आणि तिच्या पापांनी तिला मॅच दाखवली."

मी त्या दोन वाक्यांवर बराच विचार केला. हाताशी असलेल्या पुराव्यांत त्यांच्याविरुद्ध काही सापडले नाही, म्हणून मी ती जशीच्या तशी नोंदवली.

"आणि माझं?" मेरिल म्हणाले.

"याचं लिही, यानं पापांचा हात धरला."

"धरला नाही. गरम केला."

"तेच ते."

"तेच ते नाही. धरलेला वेगळा, गरम केलेला वेगळा. नीट लिही, बाई."

नीट लिहिले. सूप पुन्हा गरम झाले आणि मलाही एक वाडगा मिळाला. मीठ कमी होते, पण मेरिल त्या दिवशी काही बोलले नाहीत.

जेवताना ऑर्फाबाईंनी अचानक चमचा थांबवला. "मग माझा हात कोणी धरला होता?"

मेरिलनी मान वर केली.

"बाकावर उभी असताना माझा हात धरला होता कुणीतरी. मोठा हातमोजा होता, चामड्याचा, अंगठ्याशी उसवलेला. म्हणून तर मी ऐंशी वर्षं म्हणतेय पापा होते. तो पापांचा हातमोजा होता."

"पापांचे होते तसले," मेरिल हळू म्हणाले. "त्या दिवशी त्यांच्या हातात नव्हते. नंतर मला नेहमी वाटायचं, इतक्या थंडीत हातमोजे घरी विसरून आला कसा हा माणूस."

तार करणारा माणूस हातमोजे काढूनच बसतो. ते खिशातही असू शकतात. एवढे मी म्हणाले. कुणी ऐकले नाही.

"आई असेल," मेरिल म्हणाले.

"आई कधीच बोलली नाही तसं."

"आई कशाबद्दल बोलली पापांनंतर?"

त्यांची आई ॲडा १९५१ मध्ये वारली. पापा गेल्यावर घरात त्यांचे नाव फारसे निघत नसे, हे मात्र दोघांनी वेगवेगळे विचारले तरी सारखेच सांगितले.

शंभरावा सामना त्या वर्षी हार्टसेलला होता. ऑर्फाबाईंनी स्वतःच फोन करून मला गाडी आणायला सांगितली. जन्मात पहिल्यांदा त्या ते मैदान पाहणार होत्या, आणि आता ते कबूल करायला त्यांची हरकत नव्हती. मागच्या सीटवर भाऊबहीण एकाच घोंगडीत बसले आणि पूल येईपर्यंत घोंगडी कोणाकडे जास्त आहे यावर बोलत राहिले. पुलावर ऑर्फाबाई नदीकडे बघत होत्या.

मैदान अर्थात ते राहिलेले नव्हते. लाकडी बाकांच्या जागी काँक्रीटच्या पायऱ्या होत्या, आणि मोठा विजेचा फलक.

"टेबल कुठं होतं?" ऑर्फाबाईंनी विचारले.

मेरिलनी काठीने दाखवले. मग थोडा विचार करून दुसऱ्याच बाजूला दाखवले.

"एक काहीतरी सांग."

"वारा तिकडून होता, म्हणजे मी इकडे. नाहीतर उलटं. खांब हलवलेत यांनी."

"हे याचं डोकं," त्या मला म्हणाल्या. तरी दोन्ही जागांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिले, खेळ सुरू झाल्यावरही. थंडी मरणाची होती. मध्यंतराला त्यांनी हातमोजे काढले, बोटे उघडी ठेवून मांडीवर तशीच धरली, आणि मी काही म्हणायच्या आधीच म्हणाल्या, "गप्प बस. बघू दे मला किती वेळ जमतं ते."

फार वेळ जमले नाही. मेरिलनी आपला कोट उघडला आणि बहिणीचे दोन्ही हात आत ओढून घेतले. आम्ही त्या सामन्यात हरलो.

ऑर्फाबाई त्यानंतर दोन हिवाळे जगल्या, मेरिल एक. दोघांच्या फिती ग्रंथालयात आहेत, कुणालाही ऐकता येतील. जे शोधता आले नाही ते असे. हार्टसेलच्या मैदानाच्या कडेला टेबल नेमके कुठे होते, हे ठरवता आले नाही. गोलरेषेवर दिवा थांबला तो तारमास्तराच्या गोठलेल्या बोटांमुळे थांबला की अन्य कारणाने, हे सांगता येत नाही. सात वर्षांच्या मुलीला त्या दुपारी व्यायामशाळेत कोणी नेले, हातमोजा कोणाच्या हातात होता, आणि दिव्याकडे बोट करून ते पापा असे तिला कोणी सांगितले, हे ठाऊक नाही. आईने, असे मानायला आवडेल, पण त्याला आधार नाही. आणि आपली मुलगी तारेच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून तो दिवा पाहते आहे, हे एमिल लिंडमूथ यांना माहीत होते का, याविषयी मला काहीही मिळालेले नाही.